पंधरावरून अठ्ठावीसवर

माझी पंधरा मिलिमीटर उंचीच्या खेळातल्या सैनिकांची फौज विकायला काढलीय. सगळी नाही, एक डबा ठेवणारे, त्याचं कारण पुढे येईल. पण बाकीचं सगळं, पायदळ, तोफा, ट्रक, अर्धवट रंगवलेले जर्मन, सगळं जातंय आणि त्याच्या जागी २८ मिलिमीटर आलंय, म्हणजे गाड्या १/५६ च्या, खऱ्या गाडीच्या छप्पन्नाव्या भागाएवढ्या. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, आम्ही काही वाढलेली माणसं टेबलावर छोटे सैनिक, रणगाडे, झाडं, पडकी घरं मांडतो, टेपने अंतरं मोजतो, फासे टाकतो आणि जुन्या लढाया खेळतो. याला वॉरगेमिंग म्हणतात. पुण्यात खेळणारे इतके कमी आहेत की समोरच्याला व्हायरल झाला की आमची मॅच पुढच्या महिन्यात जाते.

आता स्केल बदलणं म्हणजे काय, तर बाहेरच्या माणसाला वाटतं थोडे मोठे सैनिक घेतले, त्यात काय एवढं. बायकोपण तेच म्हणाली, "अरे मग चांगलंय की, निदान दिसतील तरी." दिसतात, ते खरंय. पण पंधराच्या १/१०० वरून १/५६ वर गेलं की लांबी पावणेदोनपट होते, रंगवायची जागा तिप्पट आणि कपाटातली जागा साडेपाचपटीच्या वर जाते, हा सरळ गुणाकार आहे, आणि तो आपल्या टूबीएचकेला लागू पडतो. शर्मन रणगाडा खरा साधारण पावणेसहा मीटरचा. पंधरामध्ये तो जेमतेम सहा सेंटिमीटर, तळहातावर मावतो. १/५६ मध्ये तोच दहा सेंटिमीटरच्या वर. दोन शर्मन आणि एक हाफट्रक (पुढे चाकं, मागे पट्टे असलेली लष्करी गाडी) ठेवला की जिथे पूर्वी अख्खी बटालियन झोपायची तो डबा भरला.

या आकारांचं मूळ शोधायला गेलं तर शिस्त नावाचा प्रकार सापडत नाही. १/७६ आलं रेल्वेच्या मॉडेलांमुळे, चार मिलिमीटरला एक फूट असं धरून, आणि एअरफिक्सने त्याच मापात छोटे प्लॅस्टिकचे सैनिक आणि रणगाडे काढले, त्यावर इंग्लंडात एक पिढी वाढली. १/७२ म्हणजे एका इंचात सहा फूट, एक उभा माणूस. त्याच्याही आधी ब्रिटन्स कंपनीचे ५४ मिलिमीटरचे पोकळ शिशाचे सैनिक होते, १८९३ पासूनचे, आणि एच. जी. वेल्स हा थोर माणूस ते जमिनीवर मांडून स्प्रिंगच्या तोफेने लाकडी गोळ्या मारून पाडायचा, त्याचे नियम त्याने १९१३ साली छापलेसुद्धा. पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध लागलं.

आणि २८ मिलिमीटर हे तर खरं म्हणजे स्केलच नाही. ते नुसतं माप आहे, आणि कुठून कुठपर्यंतचं माप यावर लोक अजून भांडतात. कोणी तळव्यापासून डोळ्यापर्यंत म्हणतं, कोणी टाळूपर्यंत. आधी २५ होतं, मग प्रत्येक मूर्तिकाराने आपला सैनिक जरा भरदार केला, करता करता अठ्ठावीस झालं, काही कंपन्यांचे आता बत्तीसला टेकलेत. डोळ्यापर्यंत धरलं तर हिशेब १/५६ च्या आसपास येतो म्हणून गाड्या १/५६. पण सैनिक उभा असतो दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चकतीवर, त्यामुळे १/५६ च्या जीपशेजारी तो राक्षस वाटतो, म्हणून एक पंथ १/४८ च्या गाड्या वापरतो, आणि मग रणगाडा घरापेक्षा मोठा वाटतो. मी १/५६ वाल्यांत आहे. जीपजवळ सैनिक उभा करायचा नाही, एवढाच उपाय.

मग हे सगळं कशाला?

पंधरामध्ये मी बरीच वर्षं होतो. फ्लेम्स ऑफ वॉर नावाचा खेळ, न्यूझीलंडच्या कंपनीचा, २००२ पासूनचा. त्यात सैनिक एकेकटे नसतात, एका चौकोनी बेसवर चार-पाच चिकटवलेले. टेबल सहा बाय चार फुटांचं, त्यावर कंपनीच्या कंपन्या, पाठीमागे तोफखाना, वरून विमान. लांबून बघितलं की झकास दिसतं, लढाईचा नकाशा जिवंत झाल्यासारखं. मार बसला की फासा टाकायचा, वाचला नाही तर बेस उचलून बाजूला ठेवायचा. एक बेस गेला. हे वाक्य आम्ही चहाचा कप हातात धरून शेकडो वेळा म्हटलं असेल, एक बेस गेला रे, आणि त्या बेसवर चार-पाच माणसं होती हे मनात यायचंसुद्धा नाही, कारण ती माणसं नव्हतीच, ती शक्तीची एक खूण होती, अर्ध्या इंचाची खाकी खूण.

मला त्यात काही वाईट वाटत होतं असं अजिबात नाही, उगाच साधूपणाचा आव आणत नाही. सेनापतीला तसंच दिसतं आणि पंधरा मिलिमीटर हा सेनापतीचा खेळ आहे. गडबड झाली ती इटलीमुळे.

आमच्या दोघांचं, म्हणजे मी आणि ज्याच्याशी खेळतो तो मित्र, ठरलं की दरवेळी नॉर्मंडी पुरे, आपली माणसं घेऊन काहीतरी करू. आपली माणसं म्हटल्यावर मराठा लाइट इन्फन्ट्री आणि मराठा म्हटल्यावर इटली, कारण दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला आणि दोन्ही तिथलेच. नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, वरच्या टायबर नदीचं खोरं. आणि शिपाई नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी.

घाडगे माणगाव भागातल्या पळसगावचे, बावीस वर्षांचे, तिसऱ्या बटालियनमध्ये सेक्शन कमांडर, म्हणजे दहाएक जणांच्या तुकडीचे प्रमुख. त्यांची कंपनी एका मजबूत ठाण्यावर चालून गेली, त्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि ते सोडून सेक्शनमधली सगळी माणसं मेली किंवा जखमी झाली. एकटे उरल्यावर ते तसेच पुढे धावले, ग्रेनेड टाकून गन आणि गनर संपवला, मग टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, आणखी एकाला, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. तिथेच शत्रूच्या स्नायपरची गोळी लागून ते पडले. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि इटलीत मोंतोने गावात २०२३ साली त्यांच्या नावाचं स्मारक झालं, सूर्यघड्याळाच्या रूपातलं.

आता हे पंधरा मिलिमीटरमध्ये खेळून दाखवा. नाही होत. त्यांची अख्खी सेक्शन म्हणजे माझे दोन बेस. ती सगळी गोष्ट, ज्यासाठी एका माणसाचं नाव ऐंशी वर्षं टिकलंय, ती आमच्या नियमांत एका असॉल्टच्या फाशात, सव्वा मिनिटात आटपते, आणि ग्रेनेड, टॉमीगन, दस्ता यातलं काहीही दिसत नाही. मी बेस हलवले, फासे टाकले, पाच आला, मशीनगन गेली. मित्र म्हणाला, "चल, पुढे." आणि मला एकदम असं झालं की पुढे नको, इथेच थांबायचंय, इथेच काहीतरी झालंय आणि आपण ते इतक्या लांबून बघतोय की ते झालेलं कळतच नाही.

त्यावर अठ्ठावीस हा उपाय हे सुचायला वेळ लागला नाही, खिसा तयार व्हायला लागला. बोल्ट अ‍ॅक्शन, २०१२ साली आलेला खेळ, नॉटिंगहॅमच्या वॉरलॉर्डचा. त्यात एक चकती एक माणूस. दहा जणांची सेक्शन म्हणजे दहा सैनिक, त्यातला ब्रेन मशीनगनवाला वेगळा दिसतो, त्याचा जोडीदार वेगळा, सेक्शन कमांडरच्या हातात टॉमीगन. कोणाची पाळी कधी येणार हे पिशवीतून फासा काढून ठरतं, त्यामुळे काहीच ठरवल्यासारखं होत नाही.

पण इथे एक मेख आहे आणि ती मेख मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे. बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये रायफलची रेंज २४ इंच. ५६ ने गुणा, येतात चौतीस मीटर. ली-एनफिल्ड रायफल हातात घेतलेला शिपाई चौतीस मीटरच्या पुढे मारू शकत नाही असं या टेबलाचं म्हणणं आहे! खरोखर तीनशे मीटर मांडायचे तर मला जवळजवळ साडेपाच मीटर लांब टेबल लागेल, म्हणजे हॉलच्या भिंतीतून शेजाऱ्यांच्या किचनपर्यंत. रणगाड्यांचं तर विचारूच नका, हजार मीटरवरून मारायचे ते, त्यांना १८ मीटर लागतील, सोसायटीचं पार्किंग कमी पडेल. पंधरामध्येसुद्धा खोटंच होतं पण जरा कमी खोटं. माणूस जितका मोठा आणि खरा करत जाल तितकी जमीन खोटी होत जाते, यातून सुटका नाही, टेबल तेवढंच राहतं.

हे मला पहिल्यांदा फार टोचलं, आकडेवाला माणूस ना मी. मग दिवाळीत बिल्डिंगखाली पोरांनी केलेला किल्ला बघत उभा होतो. नेहमीचाच, माती, पोती, विटा, वर अळीव पेरलेलं. पायऱ्या नखाएवढ्या, दरवाजा पेरभर, आणि वर सिंहासनावर महाराज, बुरुजाच्या दुप्पट उंच. खाली मावळे, दरवाजातून आत शिरूच शकणार नाहीत एवढे, शेजारी शेतकरी, त्याचा बैल तटापेक्षा मोठा, आणि कोणाच्या तरी घरून आलेला प्लॅस्टिकचा वाघ. आणि यात कोणालाही काहीही खटकत नाही, लहानपणी मलाही कधी खटकलं नव्हतं, कारण किल्ल्यावर महाराजच मोठे असायचे, किल्ला ही फक्त त्यांची बसायची जागा. ज्याची गोष्ट सांगायची तो मोठा. महाराष्ट्रातलं प्रत्येक पोर हे दहा वर्षांचं असताना करून बसलेलं असतं आणि इथे मी कॅल्क्युलेटर घेऊन चौतीस मीटरवर रडतोय.

आणि घाडग्यांच्या गोष्टीत तर अंतर तसंही थोडंच. टॉमीगनची रेंज खेळात १२ इंच, म्हणजे सतरा मीटर. तिथे १/५६ जवळजवळ खरं बोलतं. मोठ्या स्केलला लांबच्या गोष्टी सांगता येत नाहीत, जवळच्या येतात, म्हणून आमचं आता ठरलंय की टेबलावर एक गोठा, एक द्राक्षमळ्याचा बांध आणि एक उताराचा रस्ता, बस. त्याच्या पलीकडचं युद्ध टेबलाबाहेर चालू आहे असं समजायचं.

रंगकाम हे वेगळंच प्रकरण निघालं. पंधरामध्ये माझी पद्धत ठरलेली, खाकी प्रायमर, चेहऱ्याला एक ठिपका, बूट काळे, वरून तपकिरी वॉश म्हणजे पातळ रंगाचा हात, संध्याकाळी अर्धी कंपनी तयार. अठ्ठावीसमध्ये चेहऱ्याला नाक असतं. डोळ्यांच्या खाचा असतात, हनुवटीचा पट्टा असतो, बोटं मोजता येतात. आणि बाजारात भारतीय सैनिक म्हटलं की बहुतेक वेळा फेटेवाले शीख नाहीतर गुरखे मिळतात, मराठा असा डबा कोणी काढत नाही, त्यामुळे ब्रिटिश आठव्या आर्मीचे हेल्मेटवाले घ्यायचे आणि त्यांना मराठा करायचं. कपडे तेच, हेल्मेट तेच, रायफल तीच, म्हणजे सगळा भार रंगावर. मी एक तपकिरी मिसळला, छान जमला म्हणून सगळ्या सेक्शनला तोच लावला, वाळल्यावर बघतो तर दहाही सख्खे भाऊ. पंधरामध्ये हे कधीच कळलं नसतं. मग परत बसलो, कोणात थोडा पिवळा, कोणात विटकरी, कोकणातला वेगळा, माणदेशातला उन्हात रापलेला वेगळा, दोघातिघांना मिशा. मिशी काढताना श्वास धरावा लागतो. चाळिशीनंतरचे डोळे आणि १/५६ ची मिशी, भिंगाचा दिवा घ्यावाच लागला.

तळमजल्यावर एक काका राहतात, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. माझे पंधराचे सैनिक त्यांनी अनेकदा पाहिलेत, "छान छान" म्हणून पेपर वाचायला लागायचे. हे नवीन टेबलावर वाळत ठेवलेले बघितल्यावर त्यांनी चष्मा वर केला, एक उचलला, फिरवून बघितला. "हा लढाईत आहे का परेडला?"

"लढाईत, काका. इटली."

"मग रायफल अशी कशी धरलीय? आणि याचे पाउच उघडे. धावताना सगळ्या गोळ्या सांडतील गाढवाच्या." मग दुसरा उचलला. "हा बरोबर आहे. हा घाबरलाय."

मी त्याला घाबरलेला केला नव्हता. वॉश जरा जास्त साचला होता डोळ्यांखाली. पण काका पाऊण तास बसले, कुठला पट्टा कुठून जातो, जखमी माणूस खांद्यावर कसा घेतात, एकट्याने ओल्या कपड्यातला माणूस उचलणं काय असतं, सगळं करून दाखवलं सोफ्यावरच्या उशीला धरून. नामदेव जाधवांनी सेनिओवर तेच केलं होतं ना, कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते, पलीकडे पोचल्यावर सगळे पडले तेव्हा आपल्या जखमींना पाण्यातून, बांध चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं, मग परत जाऊन एकट्याने मशीनगनची तीन ठाणी गप्प केली, हाताला लागलं तर ग्रेनेडवर भागवलं, शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून गर्जना देत बाकीच्या कंपन्यांना पार बोलावलं. ते जगले, १९८४ ला पुण्यातच गेले.

आता एक अवघड गोष्ट. नावानिशी माणूस टेबलावर आणायचा का? पंधरामध्ये हा प्रश्नच नव्हता, तिथे कोणालाच नाव नव्हतं. इथे माझ्याकडे टॉमीगनवाला नाईक आहे, मिशीसकट, आणि मित्र सहज म्हणाला की हा घाडगे करू, त्याला स्पेशल नियम देऊ, दोन जादा फासे. माझं नाही जमलं. फाशावर एक आला तर? घाडगे दरवाजातच अडखळून पडले असं आम्ही चहा पिता पिता ठरवणार? आणि सहा आला तर अजून वाईट, मग ते फारच सोपं होतं असं वाटायला लागतं. आम्ही बराच वाद घातला, तो म्हणतो की मग इतिहास खेळूच नये, सगळेच कोणाचे तरी कोणी होते, आणि त्याचा मुद्दा खोटा नाहीये. तरी पण टेबलावरचा नाईक हा नुसता नाईक राहील, त्याला नाव नाही, पडला तर आडवा ठेवायचा, उचलून डब्यात टाकायचा नाही, एवढ्यावर मांडवली झाली. आडवे ठेवल्यामुळे गेमच्या शेवटी टेबल कसं दिसतं ते पंधरावाल्यांनी एकदा येऊन बघावं. आम्ही हल्ली लवकर माघार घेतो, नियमांत नसतानाही.

आता तो ठेवलेला एक डबा. त्यात सेंच्युरियन आणि पॅटन रणगाडे आहेत, १/१०० चे, १९६५ च्या भारत-पाक युद्धातल्या सियालकोट सेक्टरसाठी. पूना हॉर्स या आपल्या रणगाडा रेजिमेंटची फिल्लोऱ्याची लढाई आणि नंतर १६ सप्टेंबरला बुतूर डोगरांदीत तिचे कमांडर लेफ्टनंट कर्नल तारापोर गेले ती. ती अठ्ठावीसमध्ये करायची माझी अजिबात हिंमत नाही. नगरच्या रणगाडा म्युझियममध्ये खऱ्या सेंच्युरियनशेजारी उभं राहिलं की कळतं ही वस्तू काय आहे, आणि ती एक नव्हती, रेजिमेंटच्या रेजिमेंट होत्या, उसाच्या आणि बाजरीच्या रानातून एकमेकांना शोधत. १/५६ चा एक सेंच्युरियन साडेतेरा सेंटिमीटर, नळी वेगळीच. सहा बाय चारच्या टेबलावर दोन स्क्वाड्रन मांडले की पार्किंगमध्ये गाड्या लावल्यात असं दिसेल, चाकाला चाक. तिथे माणूस दिसायला नकोच आहे, धूळ आणि वळसे दिसायला हवेत, तिथे छोटंच बरं. खरं तर १/२८५ बरं, पण आता मी तिसरं स्केल सुरू केलं तर घरात फक्त मीच खेळायला उरेन.

थ्रीडी प्रिंटवाले एक सोपा सल्ला देतात, पंधराच्या फायली १७८ टक्के करा की झाले १/५६ चे. करून बघितलं एकाने. पंधरामध्ये नळ्या आणि पट्टे मुद्दाम जाड केलेले असतात, नाहीतर तुटतात, ते फुगवले की रणगाड्याच्या नळीऐवजी ड्रेनेजचा पाइप दिसतो, आणि मागची बाजू, जिथे पंधरामध्ये कोणी बघत नव्हतं, ती सपाट पाटी. मोठं करायचं तर नव्यानेच घडवावं लागतं.

सध्या काम बंद आहे, पुण्यात जुलै आहे. या हवेत स्प्रे प्रायमर मारला तर सैनिकांवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर बसतो, ब्रशने प्रायमर लावायचा कंटाळा येतो. सेनिओचा बांध मात्र थर्माकोलमध्ये कापून ठेवलाय, डायनिंग टेबलखाली आहे, त्यावर बायकोने भाजीची पिशवी टेकवायला सुरुवात केलीय. मित्राला त्या लढाईसाठी चर्चिल क्रोकोडाइल हवाय, आग फेकणारा रणगाडा, आणि ऐतिहासिकदृष्ट्या त्याचं बरोबर आहे, त्या दिवशी सेनिओवर ते होतेच. माझं म्हणणं एकच आहे, तो घेतला तर तो त्याच्या घरी राहील.